संसद टीव्ही: कांदा निवडता निवडता पाहिलेला प्रश्नोत्तराचा तास

मालिकांची परीक्षणं होतात, क्रिकेटच्या समालोचनाची होतात. पण ज्या वाहिनीवर आपल्या शेतमालाचं, औषधांचं, करांचं काय होणार हे ठरताना दिसतं, तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचण्यात नाहीत. म्हणून मी लिहिते. मी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातली कांदा उत्पादक आहे. अधिवेशन चालू असलं की सकाळी 11 वाजता आमच्याकडे संसद टीव्ही लागतो. घरात असले तर टीव्हीवर, कांद्याच्या चाळीत असले तर मोबाईलवर. मोबाईल पालथ्या पाटीला टेकवून ठेवायचा आणि हातानं कांदा निवडायचा: मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, सडका बाहेर. कान मात्र दिल्लीकडे.

आधी सेवेबद्दल. संसद टीव्ही 15 सप्टेंबर 2021 ला सुरू झाला. त्याआधी लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही अशा दोन वेगळ्या वाहिन्या होत्या, त्या एकत्र केल्या. आता अधिवेशनाच्या काळात एका वाहिनीवर लोकसभा आणि दुसरीवर राज्यसभा दिसते. डीडी फ्री डिशवर दिसतं, त्यामुळे महिन्याचा रिचार्ज नाही. यूट्यूबवरही थेट प्रक्षेपण असतं, आणि नंतर तेच चित्रण तिथं राहतं, म्हणजे दुपारी बाजार समितीत गेलेल्या माणसाला रात्री पाहता येतं. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. मध्ये जाहिराती नाहीत, चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर खेकसत नाहीत, निवेदक स्वतःचं मत आपल्या गळी उतरवत नाही. बातम्यांच्या वाहिन्यांना विटलेल्या माणसानं तर ही वाहिनी जरूर लावावी. सभागृह चालत असेल तर दुसरं काही पाहावंसं वाटत नाही, हे मी मनापासून सांगते.

आमचे सासरे, आबा, यांना ही गोडी आधीपासूनची. 1994 च्या डिसेंबरपासून दूरदर्शनवर प्रश्नोत्तराचा तास थेट दाखवायला लागले, एक आठवडा लोकसभेचा, एक आठवडा राज्यसभेचा, तेव्हापासून ते पाहत. मी नवीन होते, मला त्यातलं काही कळत नसे. आबाच समजावून सांगायचे: मंत्र्याला इथं उभं राहून उत्तर द्यावंच लागतं, भाषण ठोकून सुटता येत नाही. त्यांनी तेव्हा सांगितलेलं बरंचसं आजही खरं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. हे कळल्याशिवाय माझी तक्रार कळायची नाही.

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, 11 ते 12, प्रश्नांचा. राज्यसभेत तो 2014 पासून 12 ते 1 असा केलाय. खासदार साधारण पंधरा दिवस आधी लेखी प्रश्न देतात, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सोडत निघते. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत 15 आणि 160. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. सगळी मजा, सगळी ताकद त्या उपप्रश्नात आहे. लेखी उत्तर खात्यातले अधिकारी तयार करतात. त्यात तीन वर्षांचे तक्ते असतात, 'सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे' असलं काहीतरी असतं. उपप्रश्न मात्र मंत्र्याच्या अंगावर येतो. खासदार अभ्यास करून आलेला असेल तर तो तक्त्यातलाच एक आकडा धरून विचारतो, की तुमच्याच उत्तरात एवढी खरेदी लिहिलीय, मग अमुक जिल्ह्यात केंद्रंच का उघडली नाहीत? अशा वेळी मंत्र्याचा चेहरा पाहावा. कागद उलटे-पालटे होतात, अधिकाऱ्यांच्या सज्जातून चिठ्ठी येते, ती वाचेपर्यंत दोन वाक्यं इकडची तिकडची बोलली जातात. मी हे पाहिलंय. चाळीत बसल्या बसल्या दिल्लीतल्या मंत्र्याला घाम फुटताना पाहणं ही साधी गोष्ट नाही. आमच्यासारख्यांच्या वतीनं कुणीतरी त्याला समोरासमोर विचारतंय, आणि त्याला ते टाळता येत नाही, एवढं त्यात असतं.

आबा नेहमी मुंदडा प्रकरणाचा दाखला देत. 1957 साली आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या घरात पैसे गुंतवले, त्यावर लोकसभेत प्रश्न आले. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, वर पंतप्रधानांचे जावई, तरी त्यांनी आपल्याच सरकारला सोडलं नाही. चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्यासाठी कुणी हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलं नव्हतं, फलक फडकावले नव्हते. प्रश्न, उपप्रश्न, कागद.

आता तक्रार. ती डिसेंबर 2023 पासून माझ्या मनात आहे.

7 डिसेंबर 2023 ला रात्री कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. 8 तारखेपासून 31 मार्चपर्यंत निर्यात बंद. आमचा लाल कांदा तेव्हाच काढणीला आलेला. सकाळी बाजार समितीत ट्रॉल्या लागल्या आणि भाव कोसळले, लासलगावला लिलाव बंद पडले, आमच्या चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. 11 तारखेला शरद पवार तिथं आले. बंदीच्या आधी आमची एक ट्रॉली क्विंटलला 3,800 रुपयांनी गेली होती. महिना संपता संपता तसाच कांदा, तीच प्रतवारी, 1,600 नं गेला. मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई यातलं काहीच निम्मं झालं नव्हतं.

माझ्याकडे तेव्हा तीन साधे प्रश्न होते. बंदी 31 मार्चला खरंच उठणार का? ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून सरकारनं राखीव साठ्याचं लक्ष्य 7 लाख टनांपर्यंत नेलं, तर आता भाव पडल्यावर नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्था कुठल्या केंद्रावर, किती भावानं घेणार? ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावल्यावर क्विंटलला 2,410 रुपयांनी खरेदी जाहीर झाली होती, आता ती किती? हिवाळी अधिवेशन नेमकं चालू होतं. 4 ते 21 डिसेंबर. म्हणजे हे प्रश्न विचारायला देशातली सगळ्यात मोठी जागा उघडी होती. मी रोज लावून बसले.

13 तारखेला दोन तरुण प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उतरले, पिवळा धूर झाला. भयंकरच प्रकार होता. गृहमंत्र्यांनी सभागृहात येऊन निवेदन करावं, अशी विरोधकांची मागणी होती. माझ्या मते ती रास्त होती. घरात चोर शिरला तर घरच्या कर्त्यानं घरच्यांना सांगायला नको? निवेदन आलं नाही. विरोधक हौद्यात उतरले, फलक आणले. मग निलंबनं सुरू झाली. 14 तारखेला लोकसभेतले काही आणि राज्यसभेतले तृणमूलचे डेरेक ओब्रायन. त्या यादीत द्रमुकचे एस. आर. पार्थिबन यांचंही नाव होतं, आणि ते त्या वेळी सभागृहातच नव्हते असं लक्षात आल्यावर ते काढलं. 18 तारखेला एका दिवसात दोन्ही सभागृहांतले 78. 19 ला लोकसभेतले आणखी 49. अधिवेशन संपेपर्यंत लोकसभेचे 100 आणि राज्यसभेचे 46, एकूण 146 खासदार बाहेर.

19 तारखेच्या यादीत सुप्रिया सुळे होत्या आणि शिरूरचे अमोल कोल्हे होते. कोल्ह्यांच्या मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड येतं. आमच्यासारखाच कांद्याचा पट्टा. तो माणूस बाहेर गेला. आमच्या दिंडोरी मतदारसंघाच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या, आणि मंत्री झालेला खासदार सरकारला प्रश्न विचारू शकत नाही, कारण तो स्वतःच सरकार असतो. म्हणजे नाशिकच्या कांद्याचा खासदार मंत्रिपदामुळे गप्प, जुन्नरच्या कांद्याचा खासदार निलंबनामुळे बाहेर. निलंबित सदस्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. हे मला आजही पटत नाही. खासदारानं गैरवर्तन केलं तर त्याला शिक्षा करा, पण त्याच्या नावावरचा प्रश्न त्याचा एकट्याचा असतो का? त्याच्यामागे माझ्यासारखे हजारो असतात. आम्ही कुठला फलक आणला होता?

माझी जाऊबाई शेजारी बसून निवडत होती. तिनं विचारलं, "वहिनी, आता तिथं भांडायलाच कुणी नाही राहिलं, मग आपलं कोण बोलणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडद्यावर एक बाजू भरलेली आणि दुसऱ्या बाजूची बाकं जवळपास रिकामी. त्याच अवस्थेत 20 तारखेला लोकसभेनं भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी येणारे तिन्ही नवे कायदे मंजूर केले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं. 1860 पासून चालत आलेली दंड संहिता बदलली जात होती. आपण पोलीस ठाण्याची पायरी चढलो तर कुठलं कलम लागणार, हे ठरत होतं. मंत्र्यांनी सविस्तर भाषण केलं, सत्ताधारी सदस्यही बोलले. उलटतपासणी कोण करणार होतं?

हेच मला या सगळ्या वर्षांत कळलंय, आणि गदारोळाच्या बातम्या देणारे हे नीट सांगत नाहीत. सभागृह बंद पडलं की सरकारचं अडत नाही. विधेयकं आवाजी मतदानानं होऊन जातात. लेखी उत्तरं पटलावर ठेवली असं समजलं जातं. बंद पडतो फक्त उपप्रश्न. लिलावात ट्रॉली उभी आहे, आणि बोली लावणारेच उठून गेलेत, तशी गत होते. भाव कुणीतरी ठरवतंच, पण आपल्या बाजूनं बोलायला कुणी नसतं. म्हणून गोंधळात सरकार हरतं असं ज्या विरोधकांना वाटतं, त्यांनी एकदा विधेयकांची यादी काढून पाहावी.

2025 चं पावसाळी अधिवेशन घ्या. 21 जुलै ते 21 ऑगस्ट. बिहारमधल्या मतदारयाद्यांच्या विशेष पडताळणीवर चर्चा हवी, ही विरोधकांची मागणी. मतदारयादी हा विषय क्षुल्लक नाही, ज्याचं नाव गळतं त्याला विचारा. सरकार म्हणालं, निवडणूक आयोगाच्या कामकाजावर सभागृहात चर्चा होऊ शकत नाही. मग महिनाभर तेच. लोकसभा ठरलेल्या वेळेच्या 29 टक्के चालली, राज्यसभा 34 टक्के, असा संसदेच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेचा हिशेब आहे. 419 तारांकित प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर होते, त्यातल्या 55 प्रश्नांना तोंडी उत्तरं मिळाली. हे शेवटच्या दिवशी लोकसभेच्या अध्यक्षांनीच सांगितलं. राज्यसभेत तर 285 पैकी 14. आणि विधेयकं? 1961 चा आयकर कायदा बदलणारं विधेयक 11 ऑगस्टला लोकसभेत गदारोळात, चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर. ऑनलाइन खेळांचं विधेयक 20 तारखेला लोकसभेत मांडलं आणि मंजूरही झालं, 21 ला राज्यसभेत. आमच्या गावात ऑनलाइन जुगारात पैसे घालवलेली पोरं आहेत. बंदी यावी असंच मला वाटत होतं. तरी त्यावर कुणीतरी विचारायला हवं होतं, की आधी बुडालेल्यांचं काय, आणि बंदी घातल्यावर हेच खेळ चोरवाटेनं आले तर कोण पाहणार.

त्या महिन्यात ज्यांनी संसद टीव्ही लावला त्यांना काय दिसलं, ते सांगते, म्हणजे नवीन प्रेक्षकाची निराशा होणार नाही. 11 वाजता अध्यक्ष येतात, सगळे उभे राहतात. कुणी माजी सदस्य वारले असतील तर श्रद्धांजली, दोन क्षण शांतता. ती शांतता खरी असते, सगळे मान खाली घालून उभे असतात. 'प्रश्नकाल' हा शब्द उच्चारला रे उच्चारला की घोषणा सुरू. अध्यक्ष पुन्हा पुन्हा सांगतात की हा तुमचाच वेळ आहे, जागेवर जा. एखादा सदस्य त्या गोंगाटात आपला प्रश्न वाचतो, मंत्री उत्तर वाचतात, कानाला इयरफोन घट्ट दाबल्याशिवाय ऐकू येत नाही. मग कामकाज तहकूब. पुन्हा 12 ला किंवा 2 ला तेच. तेव्हा आसनावर दुसरे कुणी पीठासीन असतात, कागदपत्रं पटलावर ठेवली जातात, आणि दिवसभरासाठी तहकुबी. पडद्यावर पट्टी येते आणि वाहिनी आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमाकडे वळते. घरचा टीव्ही बंद करावासा वाटतो.

सभागृहाच्या एका मिनिटाला अडीच लाख रुपये खर्च येतो, असा आकडा कितीतरी वर्षं सांगितला जातो. खासदारांचा पगार आता महिना 1 लाख 24 हजार, आणि अधिवेशनात हजेरीच्या दिवसाला 2,500 रुपये भत्ता. माझी नाराजी पगारावर नाही. चांगलं काम करणाऱ्याला चांगला पगार असावा. आमच्याकडे निंदणीला आलेल्या बाईनं दुपारपर्यंत बांधावर बसून राहिलं तर तिला त्या दिवसाची मजुरी कुणी देत नाही, एवढं फक्त त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

आणि हे एका पक्षाचं नाही. 2010 चं हिवाळी अधिवेशन आठवतं का कुणाला? मोबाईल लहरींच्या वाटपाच्या टू-जी प्रकरणात संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून भाजपसह सगळ्या विरोधकांनी अख्खं अधिवेशन चालू दिलं नाही. लोकसभा जेमतेम 6 टक्के चालली, राज्यसभा 2 टक्के. अडथळा आणणं हेही संसदीय आयुधच आहे, असं तेव्हा भाजपचे नेते सांगत. आज ते सत्तेत आहेत आणि गोंधळाला लोकशाहीचा अपमान म्हणतात. काँग्रेस तेव्हा हेच म्हणत होती. बाकं बदलली की भाषणंही बदलतात. 2010 च्या गोंधळानंतर पुढच्या वर्षी ती समिती नेमली गेलीच, हेही लिहायला हवं. म्हणजे अडवून कधी काही मिळतच नाही असं नाही. पण दर अधिवेशनात तेच आयुध काढलं तर त्याची धार राहत नाही, आणि प्रत्येक वेळी आमचा तास जातो.

कृषी कायद्यांचं तर आम्ही शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सप्टेंबर 2020 मध्ये करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. 20 तारखेला राज्यसभेत मतविभागणीची, म्हणजे मतं मोजण्याची, मागणी होत असताना, गोंधळात, आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले. 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे रद्द झाले, तेव्हा लोकसभेत चर्चेविना काही मिनिटांत. त्या कायद्यांच्या बाजूचे शेतकरी आमच्या भागात होते, विरोधातलेही होते, एकाच घरातही होते. दोघांनाही आपल्या मनातली शंका सभागृहात कुणी विचारलेली ऐकायला मिळाली नाही. येताना नाही आणि जाताना नाही.

विरोध कसा करावा याचं मला पटलेलं उदाहरण शेतकरी संघटनेचे नेते आणि राज्यसभेचे खासदार राहिलेले शरद जोशी यांचं आहे. आमच्या चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. माझ्या सासूबाई गावच्या बायकांबरोबर त्यात होत्या, 'घरादाराला कुलूप लावून गेलो होतो' असं सांगायच्या. म्हणून मार्च 2010 मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक आलं तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्या बायका टीव्हीसमोर होत्या. 8 तारखेला काही सदस्यांनी सभापतींच्या आसनापर्यंत जाऊन विधेयकाचे कागद फाडले. 9 ला सात जण निलंबित झाले, मार्शल बोलवावे लागले. आणि त्याच दिवशी मतदान झालं: बाजूनं 186, विरोधात 1. ते एक मत शरद जोशींचं होतं. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. सासूबाईंना फार वाईट वाटलं. मलाही त्यांचं मत तेव्हा पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण सगळं सभागृह एका बाजूला असताना या माणसानं कागद फाडला नाही, आसनाकडे धावला नाही. आपलं म्हणणं सांगितलं, 'नाही'चं मत नोंदवलं आणि ते कायमचं नोंदीत राहिलं. ज्यांनी कागद फाडले त्यांचं म्हणणं काय होतं, हे आज कुणाला आठवतं?

वाहिनीकडे परत येते. तिच्यात एक मोठा दोष आहे, आणि तो तंत्राचा नाही. गोंधळ झाला की कॅमेरा अध्यक्षांच्या आसनावर जातो आणि तिथंच राहतो. फलकावर काय लिहिलंय, कोण उभं आहे, कोण आपल्या जागेवर शांत बसलंय, हे दिसत नाही. नुसता आवाज येतो. प्रेक्षकाला वाटतं सगळेच सारखे. विरोधकांची तर नेहमीची तक्रार आहे की त्यांना पुरेसं दाखवत नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये अविश्वास ठरावावर राहुल गांधी 37 मिनिटं बोलले आणि पडद्यावर ते 14 मिनिटं 37 सेकंदच दिसले, असा हिशेब काँग्रेसच्या जयराम रमेश यांनी मांडला होता. ही तक्रार आजच्या सरकारच्या काळातलीच आहे असंही नाही. 18 फेब्रुवारी 2014 ला, काँग्रेसचं सरकार असताना, तेलंगणाचं विधेयक मंजूर होत होतं आणि लोकसभा टीव्हीचं प्रक्षेपणच बंद पडलं. तांत्रिक बिघाड, असं कारण दिलं गेलं. एका राज्याची दोन राज्यं होत होती आणि देशाला ते दिसलं नाही. माझं म्हणणं साधं आहे. सभागृह आमचं आहे, तिथं जे होतं ते सगळं दाखवा. आपला खासदार हौद्यात आहे की जागेवर, हे मतदाराला दिसलं तर पुढच्या वेळी तो गावात आल्यावर आम्ही विचारू.

आपल्या विधान भवनाकडे पाहून समाधान मानावं तर तिथंही जुलै 2025 मध्ये दोन आमदारांच्या समर्थकांची लॉबीत हाणामारी झाली. त्याच अधिवेशनात आमच्याच जिल्ह्यातले, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर पत्त्यांचा खेळ खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, जाहिरात बंद करत होतो असं सांगितलं. पुढे त्यांचं खातं बदललं. अवकाळीच्या नुकसानीवर किती वेळ बोलणं झालं, हे मात्र त्या बातम्यांत शोधूनही सापडेना.

एक गोष्ट मात्र मनापासून कौतुकाची, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नांची लेखी उत्तरं मिळतात. खात्याचं नाव, खासदाराचं नाव किंवा एखादा शब्द टाकून शोधता येतं. हिंदीतून आणि इंग्रजीतून असतात, पण आकडे तर आकडेच असतात. कुठल्या राज्यातून किती खरेदी, कुठल्या वर्षी किती निर्यात, हे बाजार समितीच्या कट्ट्यावरच्या गप्पांपेक्षा इथं नीट कळतं. जुन्या लोकसभांची भाषणंही ठेवलीत. आपल्या राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै, नंतर तिथलेच मधू दंडवते, बिहारमधून निवडून जाणारे पुण्याचे मधू लिमये, यांची कामकाजातली भाषणं मी माझ्या मुलाकडून शोधून घेऊन वाचली. सगळे बहुतेक काळ विरोधी बाकांवरचे. लिमये नियमांचं पुस्तक पाठ असल्यासारखे बोलायचे, सरकारला नियमानंच अडवायचे. ते वाचलं की आजचा गोंधळ अटळ आहे हे मानायला मन तयार होत नाही.

माझं मूल्यमापन विचाराल तर वाहिनीला पाचपैकी चार. एक गुण कॅमेऱ्याचा कापला. संकेतस्थळाला साडेचार. वाहिनी जे दाखवते त्या कामकाजाला, गेल्या काही वर्षांतला प्रश्नोत्तराचा तास धरला तर, पाचपैकी एक; तोही त्या थोड्या सदस्यांसाठी, जे गोंगाटातही आपला प्रश्न वाचतात. सगळ्या पक्षांत असे आहेत.

मला दोन बदल हवेत, आणि माझ्या खासदारांना मी ते लिहून पाठवलेत. 2024 मध्ये दिंडोरीनं खासदार बदलला. त्यात कांद्याचा वाटा मोठा होता, असं सगळेच म्हणतात. भास्कर भगरे हे पेशानं शिक्षक, म्हणून पत्र नीट वाचतील अशी आशा आहे. पहिली मागणी, निलंबित खासदाराच्या नावावरचा प्रश्न वगळू नये. तो दुसऱ्या सदस्याला विचारू द्यावा. दुसरी, वाया गेलेला प्रश्नोत्तराचा तास त्याच दिवशी संध्याकाळी भरून काढावा. आवश्यक वाटलं की रात्री उशिरापर्यंत विधेयकांसाठी बसतात, मग प्रश्नांसाठी का नाही? सप्टेंबर 2023 मध्ये नव्या इमारतीत महिला आरक्षणाचं विधेयक आलं तेव्हा दोन्ही सभागृहं दिवसदिवसभर शांतपणे बसली. लोकसभेत 454 विरुद्ध 2, राज्यसभेत 214 आणि विरोधात कुणी नाही. मी ते सगळं पाहिलं. त्यांना बसता येतं.

कांद्यापुरतं सांगायचं तर ती निर्यातबंदी 31 मार्चला उठली नाही, आठवडाभर आधीच पुढं वाढवली. 4 मे 2024 ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. हे सगळे निर्णय अधिसूचनेनं झाले. बंदीचा तर रात्री निघाला, सकाळी बाजारात कळला.

ज्यांना ही वाहिनी पाहायला सुरुवात करायची आहे त्यांनी अधिवेशनात लोकसभेचा 11 ते 12 आणि राज्यसभेचा 12 ते 1 हा तास लावावा. प्रत्येक खात्याचे वार ठरलेले असतात, आपल्या खात्याचा वार संकेतस्थळावरच्या यादीतून आधी पाहून ठेवा. तहकूब झालं तर त्या दिवशीची प्रश्नांची यादी उघडा, आपल्या कामाचा कुठला प्रश्न राहिला ते पाहा, आणि तो तसाच्या तसा आपल्या खासदाराला पाठवा.